चीजला भोकं कोण पाडतं

"भोकं कुठायत?"

पाचगणीच्या एका हॉटेलच्या मॅनेजरनं मला हे विचारलं तेव्हा थर्माकोलचा डबा मी अजून खालीही ठेवला नव्हता. सकाळच्या एसटीनं सांगलीहून सातारा, तिथून वाई, मग घाट. एवढ्या प्रवासात तो डबा मी मांडीवरून हलू दिला नव्हता. त्यानं सुरी मागवली, माझ्या चीजची ढेप मधोमध कापली आणि कापलेली बाजू माझ्या तोंडासमोर धरली. आत सगळं गुळगुळीत.

"मॅडम, मागच्या वेळी काय मस्त भोकं होती! ही तर साबणाची वडी दिसतेय."

त्यानं चव घेतली का? नाही. साधा वास तरी घेतला का? तोही नाही. चित्रातला उंदीर जे चीज पळवतो त्याला भोकं असतात, म्हणून यांच्या थाळीतल्या चीजलाही भोकं पाहिजेत. तळपायाची आग मस्तकात गेली. पण गिऱ्हाइकासमोर तोंड मिटून राहायचं हे मी लहानपणी वडूजला, वडिलांच्या किराणा दुकानात बसूनच शिकले आहे. डबा उचलला आणि घाट उतरले. वाटेत एका बाईनं विचारलं, डब्यात काय आहे. मी म्हटलं, साबण.

आमचं घर सांगलीजवळ, कृष्णाकाठच्या एका गावात. जैन शेतकऱ्याचं घर. द्राक्षबाग, थोडा ऊस, गोठ्यात चार गाई. घरात सासूबाई, माझा नवरा, थोरले दीर आणि मी. जाऊबाई मुलांच्या शाळेसाठी मिरजेला राहतात, सुटीत तेवढ्या येतात. थोरल्या दिरांना सगळेच अण्णा म्हणतात, मीही म्हणते. रागातसुद्धा मला त्यांना अहो-जाहो करावं लागतं, ही माझी आणखी एक चीड. पण ते असो.

लॉकडाऊनमध्ये दूध नेणारी गाडी यायची बंद झाली तेव्हा घरात दुधाचा नुसता पूर आला. सासूबाईंनी खवा आटवला, मी तूप कढवलं, शेजारीपाजारी वाटलं, तरी दूध उरेच. तेव्हा मोबाइलवर बघून मी पहिल्यांदा चीज केलं. ते चपलेच्या तळव्यासारखं झालं. मग रस्ते उघडल्यावर रीतसर शिकून आले. कुठलं विरजण, किती ऊब, दही कापायचं कसं, दाबायचं कसं, मिठाच्या पाण्यात किती ठेवायचं. मोठ्या भोकांचं जे चीज असतं त्याच्यावर माझा जीव जडला. त्याला नुसतं करून भागत नाही, महिनोन्‌महिने सांभाळावं लागतं, रोज फिरवावं, पुसावं लागतं. आधी थंडाव्यात, मग काही आठवडे उबेला, मग परत थंडाव्यात. आमच्याकडे गूळ ढेपेनं मोजतात, म्हणून घरात सगळे माझ्या चीजलाही ढेपच म्हणू लागले.

गोठ्यामागं एक दगडी खोली होती. पेंडीची पोती आणि मोडकी अवजारं असायची तिच्यात. मी ती रिकामी केली, चुना मारला, फळ्या ठोकून घेतल्या. भर उन्हाळ्यात ती गार राहते, आणि कोपऱ्यात एक कपाट करून घेतलंय, त्यात बल्ब लावला की हवी तेवढी ऊब मिळते. या खोलीवर अण्णांचाही डोळा होता. त्यांना ठिबकचं सामान ठेवायला जागा हवी होती.

"पाडव्यापातूर बघू," ते जेवताना म्हणाले. "चाललं तर चाललं. न्हाई तर खोली मोकळी करायची."

मला नाही विचारलं, माझ्या नवऱ्याला सांगितलं. मी त्याच पंगतीत भाकरी वाढत होते.

आता लोकांना वाटेल, एका खोलीसाठी काय एवढं. त्यांना मी काय सांगू? लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माझी म्हणावी अशी एक लोखंडी ट्रंक होती. तीही पलंगाखाली, आणि तिच्यावर सगळ्यांच्या गोधड्या. भाजी काय करायची ते सासूबाई ठरवणार, बी कुठलं पेरायचं ते अण्णा ठरवणार, नातेवाइकांच्या लग्नात आहेर काय करायचा तेसुद्धा दोघं भाऊ ठरवणार. त्या खोलीत मात्र दूध कधी तापवायचं, कधी उतरवायचं, ढेप कुठल्या फळीवर ठेवायची, हे मी ठरवायची. ती खोली गेली असती तर मी परत ट्रंकेवर आले असते. मला ती खोली पाहिजे होती, बस्स.

आमच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नाही. गाळताना फडक्यात जे राहतं ते पुन्हा जिथलं पाणी तिथंच सोडायचं, एकही जीव मरता कामा नये. दुधाचंही तेच. सासूबाईंचं दुधाचं फडकं वेगळं. जाड खादीचं, दुहेरी, रोज उकळून उन्हात वाळवलेलं. गाय कुणीही पिळो, बादली आधी त्यांच्यासमोर यायची. त्या फडकं बांधणार, दूध ओतणार, गाळून झालं की फडकं उजेडाला धरून बघणार. माझ्या चीजला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. एकदाच विचारलं होतं, दूध गोठवायला वासराच्या पोटातलं काय घालत्यात म्हणं, ते हाय का ह्यात? मी म्हटलं, नाही, हे बुरशीपासून केलेलं मिळतं, तेच आणते. मग त्यांनी विचारलं, जीव आसत्यात का? मी म्हटलं, दह्यात असतात तसेच. "मग तुमी खावा," म्हणाल्या. "इतकं दीस ठेवल्यालं मला नगं."

आणि तरीही माझ्या अडचणीच्या चार दिवसांत त्या खोलीत त्याच जायच्या. मला आत जायला बंदी, म्हणून ढेपा फिरवायचं, पुसायचं काम त्या करायच्या. त्या बंदीचाही मला संताप येतो आणि त्यांनी केलेल्या कामाचं अप्रूपही वाटतं. दोन्ही एकदमच वाटतं, त्याला मी काय करू?

पहिली चांगली ढेप झाली ती सासूबाई महिनाभर तीर्थयात्रेला गेल्या होत्या तेव्हाची. घरात कामाला हात दोनच, माझे. धार काढायची, कडबा कुट्टीच्या मशीनमधून काढायचा, दूध स्टीलच्या जाळीतून भराभरा ओतायचं आणि चुलीवर चढवायचं. तीच ढेप मी पहिल्यांदा पाचगणीला नेली. कापली तर आत बोराएवढी गोल भोकं, आतून चकचकीत. मॅनेजर खूश. म्हणाला, दर महिन्याला आणा. मी घरी येऊन पेढे वाटले. अण्णांनीही एक खाल्ला.

त्यानंतर सासूबाई परत आल्या, आणि भोकं गेली.

एक ढेप गुळगुळीत निघाली. दुसरी निघाली. पाचगणीला साबण म्हणून हिणवली गेली ती तिसरी. मग घरात जे सुरू झालं ते आठवलं तरी आजही माझे कान तापतात.

"एकेकाचा हात आसतो," अण्णा म्हणाले. "पयल्यांदा नशिबानं जमलं आसंल."

"वडूजच्या मानसांनी दूध कुठनं बगितलंय? तिकडं प्यायाच्या पान्याला टँकर." हेही तेच, आणि वर हसणं. वडिलांच्या दुकानात मी दुधाचे कॅन उचलले आहेत, पण सांगते कुणाला.

मग एक दिवस हळूच, नवऱ्याला, पण मला ऐकू जाईल असं: "शिवाशिव झाली आसंल खोलीत. इचारून बग."

माझा नवरा मला काय म्हणाला असेल? "जाऊ दे गं." आमच्या लग्नाचा सगळा इतिहास या तीन शब्दांत मावतो. अण्णा बोलले की जाऊ दे, मी बोलले की पुरे आता.

शिकवणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, विरजण मेलं असेल, नवीन मागवा. मागवलं. त्याची ढेप उबेच्या कपाटात ठेवली, कापली. गुळगुळीत. पाडवा तीन-चार महिन्यांवर आला होता, आणि अण्णांनी ठिबकच्या काळ्या नळ्यांची दोन वेटोळी खोलीच्या दाराशी आणून टाकली होती. नुसती टाकली होती, आत ठेवली नव्हती. त्यांना माहीत होतं की मला रोज त्यांच्यावरून पाय उचलून आत जावं लागेल.

कारण मला सापडलं ते एका दुपारी गोठ्यात. कुट्टीचं मशीन चालू होतं आणि मी गाईच्या अंगावरून हात फिरवत उभी होते. चष्म्यातून धुरकट दिसायला लागलं म्हणून तो काढला आणि पदरानं पुसला. पदरावर कडब्याची बारीक पूड. तेवढ्यात डोक्यात पेटलं. पहिल्या ढेपेच्या महिन्यात मी हे मशीन धार काढतानाच चालवत होते, एकटी होते म्हणून. आणि फडकं नव्हतं. जाळीतून ही पूड आरपार जाते.

मग शोधून शोधून वाचलं. झालं असं होतं की थंड देशांतल्या चीज करणाऱ्यांनाही हेच कोडं पडलं होतं. त्यांचे गोठे जसजसे स्वच्छ होत गेले, बादल्या जाऊन बंद नळ्यांची मशीनं आली, तसतशी त्यांच्या चीजमधली भोकं कमी होत गेली. भोकं कुणी पाडत नाही, ती पडतात. विरजणातले जंतू दुधातलं आम्ल खातात आणि वायू सोडतात. ढेप उबेला ठेवली की तो वायू आत साठतो. चीज लवचीक, बाहेर जायला वाट नाही, मग तो आतच फुगा धरतो. पण फुगा धरायला त्याला कशाचा तरी आधार लागतो. गवताचा, कडब्याचा, डोळ्याला न दिसणारा एखादा कण. तो कण नसेल तर वायू कुठं जमत नाही, आणि ढेप आतून कोरी राहते. म्हणजे माझा हात वाईट नव्हता, विटाळ नव्हता, वडूजचा दुष्काळही नव्हता. दूध जास्तच स्वच्छ होतं. ज्या घरानं मला स्वच्छतेचे पाठ दिले त्याच घराच्या स्वच्छतेनं माझी ढेप कोरी ठेवली होती, आणि बोल मात्र मला लागत होते!

मी तडक सासूबाईंकडे गेले. त्या फडकं पिळत होत्या.

"आई, तुमच्या फडक्यामुळं भोकं पडत नाहीत."

सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, फडकं झटकलं, दोरीवर टाकलं.

"म्हंजे माजं फडकं लय चांगलं हाय, आसंच म्हनतीस न्हवं?"

"व्हय."

"मग भोकं नगंत."

इतका राग आला आणि इतकं हसू आलं की मी तिथंच पायरीवर बसले. हसून झाल्यावर म्हटलं, आई, फडकं दुहेरीच राहू दे. गाळून झाल्यावर कडबा भाजून, कुटून, वस्त्रगाळ करून चिमूटभर घातला तर? सासूबाई दोरीवरचं फडकं सरळ करत राहिल्या.

"भाजल्यावर त्यात काय जितं ऱ्हातंय?" शेवटी म्हणाल्या. "घाल. पर गाळायच्या आदी न्हाई."

अण्णांच्या कानावर हे गेलं तसे ते ताटावरून उठले. "दुदात कडबा? उद्या गाव म्हनंल, ह्यांच्या घरात भेसळ करत्यात!" अण्णा गावच्या दूध संस्थेवर संचालक आहेत. उन्हाळ्यात त्या संस्थेच्या कॅनमध्ये कृष्णामाई किती उतरते हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पाणी घातलं तर ती चालरीत, आणि मी भाजलेल्या कडब्याची चिमूट घातली तर घराण्याला बट्टा! मी त्यांना त्याच वेळी, सगळ्यांसमोर सांगितलं की भोकं ढेपेच्या आत पडतात, वायूनं पडतात, त्याला कण लागतो. ते हात धुवायला गेले होते. ऐकलं नाही असं मी मानत नाही, कारण मोरी चार पावलांवर आहे.

मी ढेपा केल्या. सहा. सासूबाईंनी दूध गाळलं, मी पूड घातली. उबेच्या कपाटात त्या हळूहळू वर आल्या, कडेपेक्षा मधे जरा फुगीर. बोटानं वाजवलं की आतून पोकळ आवाज यायचा. त्या आवाजावरून मला कळलं, या वेळी आहेत. न कापताच कळलं. पाचगणीच्या मॅनेजरला फोन करून तसं कळवलंही. मग चार वरच्या फळीवर, दोन खालच्या फळीवर, अशा थंडाव्याला ठेवल्या.

तेवढ्यात वडूजला भाचीचं लग्न निघालं. जाणं भाग होतं. निघताना मी अण्णांना सांगितलं, "खोलीतल्या कशालाही हात लावू नका. ढेपा नेणारा माणूस मी परत आल्यावर येणार आहे." ते पेपर वाचत होते. "बरं," म्हणाले.

लग्नाच्या मांडवात फोन आला. पाचगणीचा मॅनेजर. "मॅडम, आमचा टेम्पो कोल्हापूरहून येताना तुमच्याकडे थांबला होता. ड्रायव्हर म्हणतोय, चीजला बंदुकीच्या गोळ्या घातल्यात. हा काय प्रकार आहे?"

मला काहीच कळेना. हळदीच्या हातांनी मी एसटीत बसले.

घरी आले ती थेट खोलीत. दार उघडं. आत नळ्यांची वेटोळी, व्हॉल्व्ह, जोडणीचं सामान, निम्मी खोली भरलेली. आणि टेबलावर माझ्या चार ढेपा. प्रत्येकीला वरून भोकं. ठिबकच्या मोठ्या पाइपला ज्या ड्रिलनं भोकं पाडतात त्या ड्रिलनं पाडलेली. ओळीत, सारख्या अंतरावर, बागेत झाडाला झाड मोजून नळी टाकतात तशी. आणि त्या भोकांच्या कडेला पाइपचा पांढरा प्लॅस्टिकचा कीस चिकटलेला.

झालं होतं ते असं. टेम्पोवाला ठरल्याआधीच आला. म्हणाला, मॅनेजरनं सांगितलंय, भोकं हायत का बघूनच घ्या. अण्णांनी ढेप उचलली, वरून खालून फिरवून पाहिली. वरून गुळगुळीत. मग त्यांना वाटलं, बाई परत नापास झाली, घराची लाज जाणार. ड्रिल हाताशीच होतं. चार ढेपा झाल्या आणि लाइट गेली. ड्रिल थांबलं. नाही तर खालच्या दोन्हीही गेल्या असत्या. टेम्पोवाल्यानं तो कीस बघितला आणि रिकामा निघून गेला. सासूबाई तेव्हा बस्तीत होत्या, देवदर्शनाला. नवरा बागेत.

मी सगळ्यांना हाक मारली. अण्णा आले, नवरा आला, सासूबाई आल्या. मी सुरी घेतली आणि त्यांच्यासमोर एक ढेप उभी कापली.

आत माझी भोकं होती. बोराएवढी, गोल, आतून चमकणारी, जिथं पडायची तिथं पडलेली. आणि त्यांना आडवी-उभी चिरत गेलेली अण्णांची सरळ बिळं. चांगल्या भोकात वाईट भोक. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी दुसरीही कापली.

"ही बघा भोकं, अण्णा. होती ती."

ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "मंग आदी सांगायचं न्हाई व्हय, आत आसत्यात म्हून?"

मी सांगितलं होतं. ताटावर सांगितलं होतं. मी ओरडले, या घरात मी इतक्या जोरात कधीच ओरडले नव्हते. म्हटलं, सांगितलं होतं, तुम्ही हात धूत होता, बाईचं बोलणं सुरू झालं की तुमचे हात नेमके खरकटे असतात!

"आता भल्यासाठीच केलं न्हवं? तुजंच नाव गेलं आसतं." त्यांचा आवाजही चढला. "आमी काय वैरी हाय?"

"जाऊ दे," नवरा म्हणाला. "मुद्दाम थोडंच केलंय त्यांनी?"

मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. मुद्दाम करणाऱ्या माणसाशी भांडता येतं. भलं करायला आलेल्याशी भांडलं की आपणच कृतघ्न ठरतो. माझी कित्येक महिन्यांची मेहनत ड्रिलनं चिरून टाकली, आणि वर मी आभार मानायचे! या माणसांनी मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, माहेरी धाडलं नाही. फक्त कधी विचारलं नाही. आणि ते न विचारणं कुणाला दाखवता येत नाही, म्हणून आयुष्यभर सोसलं.

सासूबाई उंबऱ्यावर बसल्या होत्या. कापलेल्या ढेपेकडं बघत त्यांनी मुलाला विचारलं, "तिला इचारलंस का रं, ड्रिल मारायच्या आदी?"

"त्यात काय इचारायचं?"

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी सुरी खाली ठेवली. कारण मला जे इतकी वर्षं सांगता येत नव्हतं ते अण्णांनीच तीन शब्दांत सांगून टाकलं होतं.

मी ठिबकचं सामान एकेक उचलून अंगणात टाकलं. कुणी अडवलं नाही, कुणी हातही लावला नाही. खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. मग म्हटलं, "उद्यापासनं धार तुमी काढा, अण्णा. मी खोलीतलं बघते. खोलीतलं तुमाला कळत न्हाई, गोठ्यातलं तरी कळत आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, अंघोळ केली आणि ओसरीवर चहा घेत बसले. गाई हंबरत होत्या. मला ते ऐकवत नव्हतं, पण उठले नाही. शेवटी अण्णा बादली घेऊन गोठ्यात गेले. थोड्या वेळानं एक बादली लवंडल्याचा आवाज आला आणि अण्णांचा आवाज आला. परत आले तेव्हा धोतराच्या एका बाजूला शेण, आणि बादलीत तळाला थोडं दूध. सासूबाईंनी फडकं बांधलं, ते दूध गाळलं, आणि फडकं मुलाच्या समोर उजेडाला धरलं. केस, शेणाचे कण, काडी.

"ह्याला दूद म्हनत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "तिची माफी माग."

त्यांनी मागितली नाही. दोन दिवसांनी अंगणातलं सामान उचलून त्यांनी मोटारीच्या खोलीत नेऊन ठेवलं. नवरा मला म्हणाला, हीच त्यांची माफी समज. मी म्हटलं, तुम्ही समजा. पाडवा आला आणि गेला. खोलीचा विषय कुणी काढला नाही. धार मी पुन्हा काढायला लागले, गाईंसाठी. त्यांचा काय दोष?

खालच्या फळीवरच्या दोन ढेपा मी स्वतः पाचगणीला नेल्या. मॅनेजरनं कापली आणि म्हणाला, "आता कसं चीज दिसतंय!" या वेळीही त्यानं चव घेतली नाही. मी एक तुकडा कापून त्याच्यापुढं धरला आणि तो खाईपर्यंत हात खाली घेतला नाही. खाल्ल्यावर म्हणाला, अरे, चांगलं आहे की. मी त्याचीही ऑर्डर घेतली. राग पोटात ठेवून धंदा करता येतो. घरात मात्र तो आता पोटात राहत नाही.

आजही सासूबाई दुहेरी फडक्यानं दूध गाळतात आणि मी मागून भाजलेल्या कडब्याची चिमूट घालते. त्या चीज खात नाहीत. पण ढेप कापली की विचारतात, पडली का गं?

अण्णा लग्नकार्यात सगळ्यांना सांगतात की आमच्या घरचं चीज पाचगणीला जातं. आमच्या घरचं. परवा दुपारी ते दोन पाहुण्यांना घेऊन खोलीकडं आले. दूध संघातली मोठी माणसं असावीत. मी आत ढेपा पुसत होते, दार उघडंच होतं. पाहुणे दोन पावलं मागं थांबले. अण्णांनी चपला काढल्या, उंबऱ्याच्या अलीकडं उभे राहिले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं.

"आत येऊ का गं?"

मी हातातली ढेप फळीवर ठेवली, फडकं खांद्यावर टाकलं, आणि त्यांच्याकडं नीट बघून म्हटलं, "नको."